चीज पळवा, शिंग फुंका, गाव लक्षात ठेवा!

ब्रिटनमधल्या एखाद्या खेड्यात जाऊन गावाचा इतिहास विचारलात, तर राणी व्हिक्टोरिया किंवा चर्चिल पहिल्या वाक्यात येतील या भरवशावर राहू नका. आधी येईल फासावर चढवलेलं माकड. मग टेकडीवरून गडगडणारं चीज. मग कुणाच्या तरी आजोबांनी कमरेएवढ्या गार पाण्यात उभं राहून केलेला गोल. राजेरजवाड्यांच्या इतिहासात या गावांना तळटीपही मिळत नाही. पण गावं मोठी बेरकी. त्यांनी आपली आठवण कपाटात जपून ठेवली नाही, सरळ कामाला जुंपली. तारीख ठरली, वेळ ठरली, मान कुणाचा तेही ठरलं. आता विसरायची सोयच उरली नाही! अशाच काही गावांची ही धावती फेरी.

रात्रीचे नऊ आणि शिंगाचा आवाज

यॉर्कशायरमधलं रिपन. बाजारचौकात एक उंच दगडी स्तंभ आहे. रोज रात्री नऊच्या ठोक्याला तिकोनी टोपी आणि लांब कोट घातलेला शिंगवाला तिथे येतो, स्तंभाच्या चारही कोपऱ्यांवर शिंग फुंकतो आणि मग नगराध्यक्षांना गाठून ‘पहारा बसला’ अशी वर्दी देतो. ही प्रथा इसवी सन ८८६ पासून सुरू आहे, असं गाव छातीठोकपणे सांगतं.

पूर्वी हे नुसतं शोभेचं काम नव्हतं. रात्रीच्या पहाऱ्याचा एक मुख्य कारभारी असे. गावकरी त्याला वार्षिक पट्टी देत आणि पहारा बसल्यानंतर कुणाचं घर फुटलं, तर भरपाई त्याच्याकडून वसूल होई. म्हणजे पोलीस चौकी आणि विमा कंपनी एकाच माणसाच्या गळ्यात! १६०४ मध्ये ह्यू रिप्ली हा शेवटचा कारभारी गावाचा पहिला नगराध्यक्ष झाला. पद गेलं, पट्टी गेली, शिंग मात्र राहिलं.

खून सोडून बाकी सगळं चालेल

डर्बीशायरमधल्या अ‍ॅशबोर्नला फुटबॉलचं मैदान लागत नाही. अख्खं गाव हेच मैदान. दोन गोल एकमेकांपासून तब्बल ३ मैलांवर. लेंटच्या उपवासाआधीचा मंगळवार आणि त्यानंतरचा बुधवार असे दोन दिवस दुपारी दोनपासून रात्री दहापर्यंत खेळ चालतो. संघ निवडायची कटकट नाही. हेनमोर ओढ्याच्या उत्तरेला जन्मलात तर तुम्ही ‘वरचे’, दक्षिणेला जन्मलात तर ‘खालचे’. जन्म झाला की संघ ठरला.

चेंडू हाताने रंगवलेला आणि आत बुचाच्या लाकडाचा भुगा भरलेला, कारण तो ओढ्यात पडणार हे गृहीतच आहे. निदान तरंगला तरी पाहिजे. त्या दिवशी दुकानदार दर्शनी काचांवर फळ्या ठोकतात. नियम मोजकेच. चेंडू गाडीत घालून पळवायचा नाही, कपड्यांत लपवायचा नाही, कब्रस्तानात शिरायचं नाही. आणि हो, खून आणि मनुष्यवध करायचा नाही. हेही नियमांत आहे! १९२८ मध्ये तेव्हाच्या युवराजांनी चेंडू उडवून खेळाची सुरुवात करून दिली, तेव्हापासून या धुमश्चक्रीच्या नावामागे ‘रॉयल’ लागलं.

चीज पुढे, माणसं मागे

ग्लॉस्टरशायरमधली कूपर्स हिल ही टेकडी चढतानाच धाप लागावी अशी उभी. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीच्या सोमवारी वरून डबल ग्लॉस्टर चीजचं तीन-चार किलोचं चाक सोडतात आणि त्याच्यामागे माणसं उड्या घेतात. धावतात असं म्हणणं धाडसाचं. बहुतेक जण कोलांट्या खातच खाली पोचतात. चीज कुणाच्याच हाती लागत नाही, म्हणून जो पहिला खाली पोचेल तो जिंकला. बक्षीस काय? तेच चीज.

दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरही चीज रेशनवर होतं. म्हणून शर्यत थांबली का? नाव नको. गावाने लाकडाचं चाक बनवलं, त्यात चीजचा एक छोटा तुकडा बसवला आणि तेच गडगडवलं. रेशनिंग १९५४ पर्यंत चाललं, तोवर लाकडी चीजवर भागवलं.

भांडला नाहीत? मग बेकन घेऊन जा

एसेक्समधल्या ग्रेट डनमो गावात लीप वर्षात एक खटला उभा राहतो. फिर्यादी म्हणजे नवराबायको. दावा असा, की गेलं वर्ष आणि वर एक दिवस, एवढ्या काळात आम्हाला लग्नाचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही. न्यायाधीश असतो, जोडप्याचा वकील असतो आणि समोर बेकन देणाऱ्याचा वकील. त्याचं काम एकच, दोघांची उलटतपासणी घेऊन घरातली धुणी चव्हाट्यावर आणायची. निकाल देणारे बारा ज्युरी म्हणजे सहा अविवाहित मुली आणि सहा अविवाहित मुलगे. लग्नाचा अनुभव नसलेलेच यात निष्पक्ष राहू शकतात, असा हिशेब असावा.

जिंकलं तर खारवलेल्या डुकराची अख्खी बाजू बक्षीस. जोडप्याला लाकडी खुर्चीत बसवून खांद्यांवरून मिरवतात आणि मग टोकदार दगडांवर गुडघे टेकून शपथ घ्यायला लावतात. ही प्रथा इतकी जुनी, की चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या काव्यातही तिचा उल्लेख आहे. मधल्या काळात ती बंद पडली होती. हॅरिसन एन्सवर्थ या कादंबरीकाराने तिच्यावर कादंबरी लिहिली आणि १८५५ मध्ये ती पुन्हा सुरू करून दिली. आणि खटला हरलेल्यांनाही विन्मुख पाठवत नाहीत. त्यांना डुकराची एक मांडी मिळते; घरी जाऊन भांडायला थोडी ताकद हवीच की.

सहा भोकांचा दगड

इथे मात्र हसू आवरायचं. डर्बीशायरमधलं ईम हे गाव. १६६५ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस लंडनहून तिथल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं, म्हणून कारागिराने ते विस्तवाजवळ वाळत घातलं. त्यात प्लेगच्या पिसवा होत्या, असं मानतात. काही दिवसांतच कारागीर गेला, मग शेजारी, मग गल्ली.

पुढच्या जूनमध्ये विल्यम मॉम्पेसन हा तरुण धर्मगुरू आणि त्याच्याआधीचा धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली एकत्र आले. दोघांचे पंथ वेगळे, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे. त्यांनी गावाला एक गोष्ट पटवली, की कुणीही शीव ओलांडायची नाही. साथ पंचक्रोशीत जाऊ द्यायची नाही. गावाने ऐकलं. प्रार्थना चर्चऐवजी उघड्या घळीत होऊ लागली, म्हणजे माणसं एकमेकांपासून लांब उभी राहतील. जो तो आपल्या घरचं माणूस आपल्याच हाताने पुरू लागला.

गावाच्या शिवेवर आजही एक मोठा धोंडा आहे. त्याला सहा भोकं. बाहेरच्या गावचे लोक तिथे धान्य आणि औषधं ठेवून जात. ईमचे लोक त्या भोकांत शिर्का ओतून त्यात नाणी बुडवून ठेवत, म्हणजे पैशांबरोबर रोग जाणार नाही. तीन शतकं बोटं फिरून फिरून त्या भोकांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने १६६६ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं एकटीने पुरली. त्याच महिन्यात मॉम्पेसनची बायकोही गेली. गावातले २६० जण दगावले. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गाव त्याच घळीकडे चालत जातं आणि उघड्यावर प्रार्थना करतं.

बस येते, गावकरी येत नाहीत

विल्टशायरमधल्या इम्बरच्या लोकांना १ नोव्हेंबर १९४३ रोजी शाळेत बोलावून सांगण्यात आलं की ४७ दिवसांत गाव रिकामं करा, अमेरिकी सैन्याला गल्लीबोळांतल्या लढाईचा सराव करायचा आहे. नाताळच्या तोंडावर दीडशेच्या आसपास माणसं निघाली. युद्ध संपलं की परत यायचं, असाच सगळ्यांचा समज होता. गावचा लोहार ऐरणीवर डोकं टेकवून रडत होता, असं अजून सांगतात. युद्ध संपलं, पण जागा लष्कराने सोडली नाही. आजही तिथे सराव चालतो.

पण सेंट जाइल्सचं चर्च शाबूत आहे आणि वर्षातले मोजके दिवस लोकांना तिकडे जायची मुभा मिळते. त्यातली गंमत अशी, की २००९ पासून उन्हाळ्यात एके दिवशी वॉर्मिन्स्टरहून या ओसाड गावाला रीतसर बससेवा सुटते. लंडनच्या जुन्या लाल दुमजली बस, पाटीवर ठळक ‘इम्बर’, वेळापत्रक, तिकीट, सगळं नियमाप्रमाणे. एकही रहिवासी नसलेल्या गावाला जायला माणसं रांग लावतात!

माकड हरलं, माकड जिंकलं

हार्टलपूल हे ईशान्य किनाऱ्यावरचं बंदर. दंतकथा अशी, की नेपोलियनच्या काळात एक फ्रेंच जहाज तिथे फुटलं. वाचलं फक्त एक माकड, तेही गणवेश घातलेलं. कोळ्यांनी फ्रेंच माणूस कधी पाहिलेला नव्हता. त्यांनी माकडाची जबानी घेतली. ते काय बोललं ते कुणालाच कळेना, म्हणजे नक्की फ्रेंच हेर! दिलं फासावर.

शेजारची गावं यावरून पिढ्यान् पिढ्या खिजवत राहिली. शेवटी हार्टलपूलने तेच बिरुद मिरवायला घेतलं आणि फुटबॉल क्लबचा शुभंकर माकड केला. २००२ मध्ये त्या माकडाच्या वेषात नाचणारा स्टुअर्ट ड्रमंड महापौरपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. वचन काय, तर शाळकरी मुलांना फुकट केळी. गंमत म्हणून उभा राहिलेला हा गडी निवडून आला! आणि लोकांना पश्चात्तापही झाला नाही. २००५ आणि २००९ मध्ये त्यांनी त्याला पुन्हा निवडून दिलं.

ऑलिम्पिकच्या आधीचा चहा

श्रॉपशायरमधल्या मच वेनलॉक या चिमुकल्या गावात विल्यम पेनी ब्रूक्स नावाचे डॉक्टर होते. कष्टकऱ्यांचं अंग आणि डोकं दोन्ही तरतरीत राहावं, म्हणून त्यांनी १८५० मध्ये गावात ‘ऑलिम्पियन’ खेळ सुरू केले. धावणं, उड्या, क्रिकेट तर होतंच. शिवाय डोळे बांधून ढकलगाडीची शर्यत आणि म्हाताऱ्या बायकांची धावण्याची शर्यत. त्या शर्यतीचं बक्षीस होतं एक पौंड चहा.

१८९० मध्ये फ्रान्सहून पिअर द कुबर्तँ खास हे खेळ पाहायला आले. डॉक्टरांच्या घरी पाहुणचार घेतला, गावात ओकचं झाड लावलं आणि डोक्यात एक मोठी कल्पना घेऊन परतले. १८९६ मध्ये अथेन्सला आधुनिक ऑलिम्पिक भरलं. चारच महिने आधी ब्रूक्स गेले होते. पण उधारी फिटली. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या शुभंकराचं नाव होतं वेनलॉक. गावातले खेळही अजून दरवर्षी भरतात.

काशीच्या राजाची विहीर, ऑक्सफर्डशायरमध्ये

स्टोक रो हे चुनखडीच्या टेकड्यांवरचं गाव. पाणी पार खोल. त्या भागातले एडवर्ड अँडरडन रीड हे गृहस्थ कंपनी सरकारच्या नोकरीत उत्तर भारतात होते. गप्पांच्या ओघात त्यांनी काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितलं, की आमच्या गावाकडे घरातलं उरलंसुरलं पाणी प्यायला म्हणून एका पोराला आईने बडवलं होतं. महाराजांनी ते मनात ठेवलं. रीड निवृत्त होऊन मायदेशी परतले आणि मागून काशीहून विहिरीचा खर्च आला.

१८६३ मध्ये खणायला घेतलेली विहीर व्यासाला जेमतेम ४ फूट, खोलीला ३६८ फूट. कुतुबमिनार उलटा करून आत सोडला, तरी वर त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त जागा उरेल. हे सगळं हाताने, कुदळ-फावड्याने खणलेलं. २४ मे १८६४ ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी ती खुली झाली. रहाटाच्या यंत्रावर सोनेरी रंगाचा हत्ती, वर कमानींवर तोललेला घुमट. भोवतीच्या हिरव्यागार इंग्रज खेड्यात अगदी उठून दिसणारा. देखभालीची सोयही महाराजांनी करून ठेवली. शेजारी चेरीची बाग लावली. फळं विकायची आणि त्या पैशांत विहीर सांभाळायची. भारताने ब्रिटनला पाण्यासाठी मदत दिल्याचा हा प्रकार तिथल्या शाळकरी मुलांना आवर्जून सांगायला हवा.

तळ्याचं नाव, मुंबईचं बाळ

स्टॅफर्डशायरमध्ये रडयार्ड नावाचं गाव आणि त्याच नावाचं तळं आहे. १८६३ मध्ये तिथे सहलीला आलेल्या मंडळींत जॉन लॉकवूड किपलिंग आणि अ‍ॅलिस मॅक्डोनल्ड होते. ओळख झाली, प्रेम जमलं, १८६५ मध्ये लग्न झालं आणि जोडपं मुंबईला आलं. जॉनसाहेब जे. जे. कलाशाळेत शिकवू लागले. ३० डिसेंबर १८६५ ला मुलगा झाला. नाव ठेवलं त्याच तळ्याचं, रडयार्ड.

पुढे हा मुंबईकर शाळेला गेला तो डेव्हनमधल्या ‘वेस्टवर्ड हो!’ या गावी. हे उद्गारचिन्ह माझं नाही, गावाच्या नावातच आहे. चार्ल्स किंग्स्लीची त्या नावाची कादंबरी १८५५ मध्ये गाजली, तेव्हा व्यापाऱ्यांनी किनाऱ्यावर हॉटेल काढून भोवती गावच वसवलं. तळ्याच्या नावाचा मुलगा शिकला कादंबरीच्या नावाच्या गावात!

तोंडी लावायला

• स्टिल्टन चीज जगप्रसिद्ध. पण स्टिल्टन गावात बनवलं तर कायद्याने त्याला स्टिल्टन म्हणता येत नाही. तो हक्क डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायरचा. गाव पूर्वी हमरस्त्यावर होतं, तिथल्या खानावळीत हे चीज विकलं जाई, म्हणून नाव चिकटलं.

• नॉटिंगहॅमशायरमधल्या गॉथमच्या लोकांनी म्हणे राजा जॉनचा रस्ता गावातून जाऊ नये म्हणून ठार वेड्याचं सोंग घेतलं; कोकीळ उडून जाऊ नये म्हणून तिच्याभोवती कुंपण घालत बसले. पुढे १८०७ मध्ये वॉशिंग्टन अर्विंगने न्यूयॉर्कला टोमणा म्हणून हे नाव वापरलं आणि तिथून ते बॅटमॅनच्या शहराला मिळालं.

• सफोकमधलं डनिच हे मध्ययुगातलं मोठं बंदर वादळांनी समुद्रात गेलं. तरी १८३२ पर्यंत तिथून दोन खासदार निवडून जात होते. मतदारसंघ बुडाला, जागा तरंगत राहिल्या.

• बेरिक-अपॉन-ट्वीड इंग्लंडमध्ये आहे, पण तिथला फुटबॉल क्लब खेळतो स्कॉटलंडच्या स्पर्धांत.

• स्कॉटलंडमधल्या ‘डल’ या खेड्याने २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ‘बोरिंग’ या गावाशी सोयरीक केली. कंटाळा एकत्र आल्यावर पर्यटक वाढले.

शीव पाठ करायची रीत

नकाशे दुर्मीळ होते तेव्हा गावाची हद्द कुठे संपते हे कुणाला ठाऊक? पोरांना. वर्षातून एकदा धर्मगुरू आणि गावकरी शिवेवरून चालत, पोरांच्या हातात काठ्या देऊन प्रत्येक खुणेच्या दगडावर मारायला लावत आणि बऱ्याचदा पोरांचंच डोकं दगडावर आपटत. पन्नास वर्षांनी हद्दीचा तंटा उभा राहिला, की तोच पोर म्हातारा होऊन साक्ष देई: दगड हाच, टेंगूळ मला इथेच आलं होतं!

ऑक्सफर्डच्या सेंट मायकल चर्चची मंडळी अजून ही फेरी काढतात. मधल्या काळात शहर वाढलं, हद्दीच्या खुणा दुकानांच्या पोटात गेल्या. म्हणून झगे घातलेले धर्मगुरू आणि काठ्या घेतलेली माणसं खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकांमधून वाट काढत जातात आणि भिंतीतल्या दगडावर खडूने खूण करतात.

गृहिणी, वय ४९

१९३७ मध्ये ‘मास ऑब्झर्व्हेशन’ नावाची संस्था निघाली. साध्यासुध्या माणसांनी रोजचं जगणं लिहून पाठवायचं, एवढीच अपेक्षा. बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावातल्या नेला लास्ट यांनी १९३९ मध्ये लिहायला घेतलं आणि ओळख दिली ती ‘गृहिणी, वय ४९’ एवढीच. रेशन, बॉम्बफेकीने हललेलं घर, अबोल नवरा, मुलांची काळजी. त्या १९६६ पर्यंत लिहीत राहिल्या. २००६ मध्ये व्हिक्टोरिया वूड यांनी त्यावर चित्रपट लिहिला, मुख्य भूमिकाही केली.

१९६५ मध्ये ग्रामीण महिला मंडळांनी पन्नाशी साजरी केली तीही अशीच. गावोगावच्या बायकांनी त्या एका वर्षाच्या चिकटवह्या केल्या. दुकानातले भाव, कपड्यांचे नमुने, फोटो, गावाचा नकाशा. आज अभिलेखागारांत इतिहासाचे अभ्यासक त्या वह्या हातमोजे घालून चाळतात.

१०८६ विरुद्ध १९८६

विल्यम राजाने १०८६ मध्ये इंग्लंडची मोजदाद केली. नांगर किती, गिरण्या किती, जमीन कुणाची. ते ‘डूम्सडे बुक’. नऊशे वर्षांनी बीबीसीने त्याची नवी आवृत्ती काढायचं ठरवलं. देशाचे ४ बाय ३ किलोमीटरचे तुकडे पाडले आणि शाळकरी मुलांना आपापल्या तुकड्याबद्दल लिहायला सांगितलं. दहा लाखांवर लोकांचा हातभार लागला. सगळं लेझर डिस्कवर चढवलं, तेव्हाचं अगदी अत्याधुनिक तंत्र!

पंधराएक वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं भंगारात निघाली आणि मजकूर बाहेर काढायला तज्ज्ञांना घाम गाळावा लागला. १०८६ ची मेंढीच्या कातड्याची पानं मात्र लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात खुशाल आहेत. वाचायला फक्त डोळे आणि लॅटिन पुरे.

एप्रिल फूल ते भिलार

वेल्सच्या सीमेवरचं हे-ऑन-वाय. रिचर्ड बूथ यांनी १९६० च्या दशकात तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं काढायला सुरुवात केली, अगदी अग्निशमन केंद्रही विकत घेऊन त्यात पुस्तकं भरली. १ एप्रिल १९७७ ला त्यांनी गाव स्वतंत्र झाल्याचं जाहीर करून स्वतःला राजा घोषित केलं. मुकुट, राजदंड, सगळा थाट! वर्तमानपत्रांना चघळायला विषय मिळाला, गावाला गिऱ्हाइकं मिळाली आणि १९८८ पासून तिथे साहित्य महोत्सवही भरू लागला.

या गावावरून स्फूर्ती घेऊन महाराष्ट्र शासनाने ४ मे २०१७ रोजी पाचगणीजवळचं भिलार ‘पुस्तकांचं गाव’ केलं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या घरांच्या ओसऱ्यांवर, देवळात, शाळेत कपाटं आली. कुठे संतसाहित्य, कुठे कथा-कादंबऱ्या, कुठे बालवाङ्मय; दार उघडं, वाचायला मोकळीक. एका हौशी दुकानदाराने एक एप्रिलला केलेली थट्टा चाळीस वर्षांनी सातारा जिल्ह्यात सरकारी योजना होऊन नांदते आहे. फायलींतून पार पडून विनोद जिवंत राहिल्याचं दुसरं उदाहरण असेल, तर जरूर कळवा!